मॉरिसचं मधलं पेडल

३ एप्रिल, गुरुवार. लातूर

अक्षर आज वेडंवाकडंच येणार.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ट्युशन एरियातून घरी येत होतो. क्लास नुकतेच सुटलेले, रस्ताभर पोरं. मॉरिस हळू चालली होती, दुसऱ्या गिअरात. समोर दोन मुली रस्ता ओलांडायला लागल्या. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. थांबायची सोडून उलट पुढं उसळली. एक मुलगी मागं सरली. दुसरीच्या पाठीवरच्या सॅकला बंपर घासला, तिची पाण्याची बाटली पडली आणि चाकाखाली फटकन फुटली. तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते इथं लिहीत नाही.

मग गाडी थांबली. बहुतेक बंद पडून थांबली. बाटलीवाली मुलगी काचेपाशी आली. सतरा-अठरा वर्षांची असेल, गळ्यात क्लासचं ओळखपत्र. म्हणाली, "काका, बघून चालवा की हो." एवढंच. मैत्रिणीकडं बघून हसलीसुद्धा. दोघी गेल्या. मी खाली उतरलो नाही. लागलं का गं, एवढंही तोंडातून निघालं नाही.

बावीस वर्षं मी मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात लघुलेखक होतो. ट्रकवाले, जीपवाले, एसटीचे ड्रायव्हर, कितीजणांचे जबाब उतरवून घेतले. निम्मेअधिक एकच वाक्य बोलायचे, "साहेब, मी ब्रेक दाबला होता." लिहिता लिहिता मनातून हसू यायचं.

मी ब्रेक दाबला होता.

इंदूला सांगितलेलं नाही. ती भाजीला रिक्षानं गेली होती. हल्ली मॉरिसमध्ये बसत नाही. दार ठेंगणं आहे, गुडघे दुखतात म्हणते. आज शेजारी असती तर?

५ एप्रिल, शनिवार

दोन दिवस गाडीला हात लावला नाही. आज शेडमध्ये गेलो, दार उघडून जमिनीवर बसलो आणि तिन्ही पेडलं हातानं हलवून पाहिली. क्लच ठीक. मधलं, ब्रेकचं पेडल डावीउजवीकडं खुळखुळतं. दाबलं की आधी थोडं नुसतंच खाली जातं आणि मग कुठं त्याला जोर लागतो. बघून अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दोष तिथं आहे.

गाडी १९५४ची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बाबा नांदेडला गुरांचे डॉक्टर होते. बदलून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा मी रांगत होतो.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या नरसिंगला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं आणि हात झटकले. "साहेब, ह्याचं सामान हितं न्हाई मिळायचं. नांदेडचे गुलाम रसूल हायत का अजून? त्येंच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

संध्याकाळी पाय मोकळे करून आलो तर इंदू दारातच म्हणाली, "अहो, उजवी चप्पल कुठंय?" बघतो तर उजवा पाय अनवाणी. बँकेच्या कोपऱ्यापासून तसाच चालत आलो असणार, चप्पल तिथं फुटलेल्या नळाच्या चिखलात रुतलेली सापडली. डोकं सगळं ब्रेकमध्ये. दोघं हसलो. इंदूचं हसू आधी थांबलं.

८ एप्रिल, मंगळवार

बाबांच्या वेळेपासून मॉरिस बघणाऱ्या गुलामभाईंना फोन लावला. आवाज थकलाय, पण ओळख तीच. "डॉक्टरसाबची गाडी? घेऊन या. पण चालवत न्हाई आणायची. टेम्पोत टाकून आणा."

ते नसते म्हणाले तरी मी चालवत नेली नसती. त्या दिवसापासून रस्त्यावरून शाळेची पोरं जाताना दिसली तरी मी कडेला थांबून राहतो.

आणि माहूर. इंदूची कुलस्वामिनी. चार वर्षं जायचं जायचं म्हणतोय. या वैशाखात तिला मॉरिसमधूनच न्यायचं असं मी ठरवलं होतं, बाबा आईला न्यायचे तसं. आता डोळ्यांपुढं तो घाट येतो. उताराला मी पेडल दाबतो, ते जमिनीला टेकतं आणि गाडी चाललेलीच. आज जेवताना घास हातात धरून मी तेच बघत बसलो होतो.

इंदूला म्हटलं, पेडल दुरुस्त झालं की माहूर. ती म्हणाली, "एवढी काय घाई आहे? गुडघे बरे झाले की एसटीनं जाऊ." तिचा हा एसटीचा हट्ट मला कळत नाही. एसटीच्या पायऱ्या काय ठेंगण्या असतात?

११ एप्रिल, शुक्रवार. नांदेड

भुजंगच्या पिकअपमध्ये मॉरिस चढवली, चारी बाजूंनी दोर आवळले. अहमदपूर, लोहा. प्रत्येक गतिरोधकाला मी मागं वळून बघत होतो. शेवटी भुजंग म्हणाला, "साहेब, गाडी पडंल न पडंल, तुमची मान मोडंल."

गुलामभाईंचं गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली. देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत घर, अंगणात पत्र्याची शेड, तिथं आवडीपुरतं काम करतात. वय सत्तरच्या पुढं. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. घरात त्यांची बायको हुसेनबी आणि मुलगी कहकशां. ही बायकांना गाडी चालवायला शिकवते. गेल्या वर्षभरात साठ-सत्तरजणी शिकवल्या, असं गुलामभाईंनी स्वतःहून सांगितलं.

मी स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलोय. काम होईपर्यंत हलणार नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सापडलं!

गुलामभाईंनी आज सतरंजी काढली, पायाखालचा पत्रा खोलला, मग गाडीखाली उताणे झोपून एकेक भाग सोडवला. या गाडीची पेडलं जमिनीतून वर आलेली असतात, खाली एका आडव्या दांडीवर फिरतात. दांडी आणि पेडल यांच्यामध्ये बुश असतो, धातूच्या गोल कड्यासारखा. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "बघा साब. गोल र्‍हायलाच न्हाई. अंड्यासारखा झालाय." ब्रेकच्या सिलिंडरला पेडल जोडणारी पिन तर निम्मी कापल्यासारखी. पेडल परत ओढणारी स्प्रिंग लोळागोळा. रबर गुळगुळीत.

मी ती पिन खिशात घातली. माझा पुरावा आहे तो. मी ब्रेक दाबला होता आणि ब्रेक लागला नाही, कारण हे. इतकं मोकळं वाटलं की तिथंच डोळे भरून आले.

गुलामभाई हात पुसत म्हणाले, "झिजलंय हे खरं हाय. पण साब, ह्यानं अर्धा इंच फुकट जातो, बस. ब्रेक लागतच न्हाई असं न्हाई व्हायचं."

मी म्हटलं, "अर्ध्या इंचानंच माणसं मरतात, गुलामभाई. मी जबाब लिहिलेत."

ते माझ्या पायांकडं बघत होते, बहुधा पत्रा कुठं ठेवला ते शोधत असावेत.

१५ एप्रिल, मंगळवार

नवा बुश लेथवर कातून घ्यायला गुलामभाईंबरोबर गेलो. गनमेटलचा, पितळेसारखा तुकडा फिरत होता आणि त्याची सोनेरी वेटोळी निघून खाली पडत होती. सगळी जमीन त्या किसानं भरलेली. तासभर उभा होतो. दांडी नवी कातली, पिन कडक लोखंडाची केली. स्प्रिंग जुन्या बाजारात मिळाली. रबरं कहकशांनी हैदराबादहून मागवलीत.

दुपारी त्यांच्या घरी जेवण. हात धुवायला अंगणात गेलो, चप्पल ओसरीवर. कहकशांशी बोलत उभा होतो, तोवर हुसेनबी आतून ओरडल्या, "भाईसाब, पाय! फरशी तापलीय!" वर ऊन म्हणजे आग. मी पाहिलं, माझे दोन्ही पाय शहाबादी फरशीवर. म्हटलं, सवय आहे, लहानपणी अनवाणीच फिरायचो.

त्या जवळ आल्या. चालताना थोड्या लंगडतात. "शुगर हाय ना तुम्हाला?"

"आहे. गोळी चालू आहे. कंट्रोलमध्ये आहे."

"माझी बी कंट्रोलमध्येच होती." त्यांनी स्वतःच्या पायातली सपाता काढून दाखवली. डाव्या पायाला अंगठा आणि शेजारचं बोट नाही. मला कसंसंच झालं. जेवणाआधी हे कशाला दाखवायचं? पण बिचारीला बोलायला कोणी मिळत नसावं. मी सहानुभूतीचे दोन शब्द बोललो.

लॉजवर आल्यावर पायपुसण्यावर तांबडे डाग दिसले. गाडीचं ग्रीस असणार.

१७ एप्रिल, गुरुवार

काय लिहू. सगळं बसवून झालं. पेडल हातानं दाबलं तर एकदम टणक. गुलामभाईंनी आधी स्वतः चालवली, गावाबाहेरच्या एका बंद जिनिंग मिलच्या आवारात. वेगात आणून ब्रेक मारला, जागेवर थांबली. चार वेळा. मग म्हणाले, "बसा साब." स्वतः शेजारी बसले. त्यांचा उजवा हात पहिल्यापासून दोन सीटांमधल्या हँडब्रेकवर होता. जुन्या लोकांची सवय.

पहिल्या फेरीत थांबली. दुसऱ्या फेरीत समोर भिंत आली, मी ब्रेक दाबला, आणि परत तेच. गाडी उसळली. इंजिन किंचाळलं. गुलामभाईंनी हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. भिंत हातभर अंतरावर.

मला घाम फुटलेला. मग मी म्हणालो, "अजून दोष आहे. परत खोला."

"खोलतो."

"नवीन रबर घसरतंय. किंवा बुश घट्ट झालाय. पायाला काही लागतच नाही. पेडल आहे की नाही तेच कळत नाही!" मी ओरडलोच असेन. आयुष्यात त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

ते म्हणाले, "हाव साब. खोलतो उद्या."

माझ्या मनात आता घाणेरडे विचार येतात. म्हातारपणामुळं गुलामभाईंचा हात गेला असेल. चुकीचा भाग बसवला असेल आणि कबूल करत नसतील. ही गाडी कुणाला तरी मारणार आणि मी ते बघणार.

इंदूचा फोन आला. "झालं का काम?" म्हटलं, छान झालं. ती म्हणाली, "तुम्ही चालवून पाहिली?" मी हो म्हटलं. पलीकडून काही आवाजच आला नाही. मला वाटलं फोन कटला.

१९ एप्रिल, शनिवार

काल गुलामभाईंनी जुम्म्याची नमाज पढून सगळं परत खोललं. बुश दाखवला, पिन दाखवली, प्रत्येक भाग माझ्या हातात देऊन परत बसवला. कुठंही काही नाही.

आज सकाळी गेलो तर गाडी शेडमध्ये, इंजिन बंद. म्हणाले, "चप्पल काढून बसा. डोळे मिटा. मी तुमचा पाय उचलून कशावर ठेवीन, तुम्ही फक्त सांगायचं."

मला राग आला. पोरखेळ वाटला. पण बसलो.

"आता कुठं हाय पाय?"

"ब्रेकवर."

"उघडा डोळे." पाय ॲक्सिलरेटरवर होता.

म्हटलं, लक्ष नव्हतं. परत. मी नीट ध्यान देऊन सांगितलं, "ॲक्सिलरेटर." डोळे उघडले. ब्रेक.

"एकदा अजून," मी म्हणालो. आता मलाच थांबवत नव्हतं. डोळे घट्ट मिटले. पायाला काहीतरी असल्यासारखं वाटलं, बहुतेक. दाबून पाहिलं. "ब्रेक आहे. नक्की ब्रेक."

डोळे उघडले. माझा पाय गुलामभाईंच्या तळहातावर होता. ते गाडीच्या दाराशी गुडघ्यांवर बसलेले, आणि माझा पाय त्यांनी हातात धरलेला. मी त्यांचा हात खाली दाबत होतो.

"साब," ते म्हणाले, "गाडी चांगली हाय."

त्यांनी पाय किंचित वळवला आणि तोंडातून "या अल्लाह" निघालं. त्यांनी हुसेनबींना हाक मारली. मी वाकून तळवा पाहिला. करंगळीच्या खाली एक काळं भोक, कडा पांढऱ्या, आणि त्यात काहीतरी चमकत होतं. लेथवरचं ते सोनेरी वेटोळं. मंगळवारी शिरलेलं. चार दिवस मी त्यावर चालत होतो, जिना चढत होतो, ब्रेक दाबत होतो.

दुखत नव्हतं. अजूनही दुखत नाही. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

हे दवाखान्यात लिहितोय. कहकशांनी आणून पोचवलं. डॉक्टर तरुण आहेत. नायलॉनच्या जाड दोऱ्यासारखं काहीतरी घेऊन आले. म्हणाले, डोळे मिटा, टोचलं की हो म्हणा. मी वाट बघत राहिलो.

"डॉक्टर, सुरू करा," मी म्हणालो.

"झालं," ते म्हणाले.

२१ एप्रिल, सोमवार

उद्या करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढणार. विष वर चढलं नाही तर तेवढ्यावर भागेल. चढलं तर... एवढं अर्धवट बोलून डॉक्टर थांबले. कोर्टात असं अर्धं वाक्य आलं की मी टिंबं द्यायचो.

इंदू कालच आली. लातूरहून एसटीनं, उभ्यानं, आणि दवाखान्याचे दोन मजले जिना चढून. मी तिला सगळं सांगितलं. ट्युशन एरिया, ती मुलगी, फुटलेली बाटली, मी खाली उतरलो नाही ते. सांगताना तिच्याकडं बघवत नव्हतं.

ती म्हणाली, "माझे गुडघे बरे आहेत हो."

मला अर्थ लागेना.

"दोन वर्षं झाली. औशाच्या रस्त्याला रेल्वे फाटक बंद होत होतं, तुम्ही अगदी आडव्या दांड्यापाशी नेऊन थांबवलीत. तुमच्या ध्यानातही आलं नाही. त्या दिवसापासून मला तुमच्या शेजारी बसायची भीती वाटते. म्हणून गुडघे."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांची गाडी. तुमचा जीव तिच्यात. कशी बोलू?" तिनं माझ्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. "मी मात्र स्वतःला वाचवून रिक्षात बसले. त्या पोरींना काही झालं असतं ना, तर त्यात मीही होते."

मग ती रडली. लग्नाला सदतीस वर्षं झाली. आम्ही दोघंही घाबरत होतो, एकाच घरात, एकमेकांपासून लपवून.

२६ एप्रिल, शनिवार

दोन बोटं गेली. ताप उतरलाय. पाय राहील असं आज डॉक्टर पहिल्यांदा पूर्ण वाक्यात म्हणाले.

गुलामभाई भेटायला आले होते. मी खिशातली ती झिजलेली पिन त्यांना परत दिली आणि त्या दिवशी ओरडलो त्याबद्दल हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले. "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पिकअपमधून उतरताना तुमची चप्पल मागंच र्‍हायली, तुम्ही तसेच चालत आलात. पण नुसतं तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं का?"

मानलं नसतं.

लायसन्स परत करण्याचा अर्ज इंदूकडून लिहून घेतला आणि सही केली. ती विचारत होती, कारण काय लिहू? मी म्हटलं, खरं तेच लिही.

२ नोव्हेंबर, रविवार. माहूर

आज आलो. कहकशांनी चालवली. ती पुढं, शेजारी इंदू, मी मागं. किनवटच्या जंगलातून रस्ता वर चढायला लागला तसं मी पुढची सीट घट्ट धरली. चढतानाची नव्हे, उतरतानाची धास्ती. दर्शनाला इंदू पायऱ्या चढून गेली, एकदाही न थांबता. मी खाली कहकशांबरोबर बसलो. तिनं मला सुपारी दिली, विचारलं, "चाचा, मागं बसून ब्रेक दाबता ना तुम्ही? माझ्या सगळ्या शिकाऊ बायकांचे नवरे दाबतात." म्हटलं, दाबत असेन, मला कुठं कळतंय. ती हसली.

उतरताना तिसऱ्या वळणावर समोरून बस आली, अंगावर आल्यासारखी. कहकशांनी ब्रेक लावला. मॉरिस जागेवर उभी राहिली. बस गेली. इंदूनं मागं हात केला, मी तो धरला, खालच्या गावापर्यंत तसाच.

५ नोव्हेंबर, बुधवार. लातूर

मॉरिस नांदेडलाच ठेवली. कहकशां तिच्यावर शिकवणार नाही, पण महिन्यातून एकदा फिरवील म्हणाली. शेड रिकामी आहे. तिथं आता इंदूचे पापड वाळतात.

माझा दिवस आता संध्याकाळी सातला संपतो. इंदू मला पलंगावर बसवते, मोठा दिवा लावते, चष्मा चढवते आणि माझे दोन्ही पाय मांडीवर घेते. बोटांमधून, टाचेवरून, शिवलेल्या जागेवरून ती बोट फिरवते. मला काहीच कळत नाही, मी फक्त तिचा चेहरा बघतो. रोज विचारतो, "काय आहे?" रोज ती म्हणते, "काही नाही."

पण बोलण्याआधी ती एक क्षण थांबते. आज जरा जास्त थांबली.